गावात नाट्यगृह-सभागृह बांधायचं आहे: निधी, जागा आणि नियोजनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नगरपरिषदेच्या बांधकाम विभागात माझी सगळी नोकरी झाली आणि त्या काळात दोन सभागृहं पायापासून पडद्यापर्यंत पाहिली. निवृत्त झाल्यापासून फोन येतात. नगरसेवक विचारतात, नाट्यसंस्थांचे कार्यवाह विचारतात, कधी एखादा वैतागलेला करदाता. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून इथे एकत्र केलेत. उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या नगरपरिषदांसाठी आहेत. महानगरपालिकांचा कायदा वेगळा, पण हिशेब तोच.

१. नाट्यगृह, सभागृह, सांस्कृतिक भवन, कन्व्हेन्शन सेंटर... यांत फरक काय? नाव काहीही दिलं तरी चालतं ना?

पाटीवर चालतं. खरा फरक फरशीच्या उतारात असतो. नाट्यगृहाची जमीन रंगमंचाकडे उतरत जाते आणि खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या असतात. तिथे प्रदर्शन भरत नाही, पंगत बसत नाही. कन्व्हेन्शन सेंटरची जमीन सपाट असते आणि खुर्च्या उचलून ठेवता येतात. मोठ्या दालनाचे सरकत्या भिंतींनी दोन-तीन भाग होतात. सोबत बैठकांच्या खोल्या आणि स्वयंपाकघरही लागतं. तिथे डॉक्टरांची परिषद होते, कृषी प्रदर्शन होतं, लग्नही होतं. नाटक मात्र नीट होत नाही, कारण सातव्या रांगेपासून मागे फक्त पुढच्यांची डोकी दिसतात.

आपल्याकडे यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘बहुउद्देशीय सभागृह’. सपाट फरशी, एका टोकाला चार फूट उंचीचा ओटा, वर पत्रे आणि टाळी वाजवली की ती तीनदा ऐकू येणार. पहिल्या बैठकीत “आपल्याला नक्की कशासाठी हवंय” हे भांडून ठरवलं नाही, तर असंच काहीतरी उभं राहतं. दोन्ही हवंच असेल तर उतरत्या जमिनीचं छोटं नाट्यगृह आणि शेजारी सपाट दालन अशा दोन वेगळ्या जागा करा. प्रवेश, पार्किंग आणि स्वच्छतागृहं सामायिक ठेवली की खर्च आटोक्यात राहतो.

२. “आमच्या शहराला नाट्यगृह मंजूर झालं” असे फलक लागलेत. म्हणजे आता काम सुरू होणार का?

फलक कुठल्या पायरीवर लागला ते बघा. आधी घोषणा होते. मग सर्वसाधारण सभेचा ठराव, त्यानंतर अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता आणि मग शासन निर्णय निघून प्रशासकीय मान्यता. पुढे निधीचा पहिला हप्ता प्रत्यक्ष खात्यात जमा होतो, ई-निविदा निघते आणि शेवटी ठेकेदाराच्या हातात कार्यादेश, म्हणजे काम सुरू करण्याचा आदेश, पडतो. “मंजूर” हा शब्द यांतल्या कुठल्याही पायरीला वापरतात.

शासन निर्णयाची प्रत मागा आणि दोनच गोष्टी वाचा: मान्य रक्कम किती, आणि त्यातली आत्ता वितरित किती. दहा कोटींची मान्यता आणि एक कोटीचं वितरण हे चित्र अजिबात दुर्मीळ नाही. कार्यादेश निघाल्यावर ठेकेदार पाया खणतो, बिलं थकली की यंत्रं उचलतो आणि पुढची तीन वर्षं त्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं.

३. बांधकामासाठी पैसा कुठून कुठून आणता येतो?

एका ठिकाणाहून सगळा पैसा मिळाला असं मी तरी पाहिलेलं नाही. गोधडीसारखे तुकडे जोडावे लागतात.

सगळ्यात मोठा तुकडा राज्य सरकारचा. शहरांतल्या विकासकामांसाठीचं महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान आहे. नगरविकास विभागाचं ‘वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठी’ मिळणारं अनुदान आहे. लहान नगरपरिषदांची नाट्यगृहं बऱ्याचदा या दुसऱ्या शीर्षाखाली येतात. नगरोत्थानमध्ये आपलाही हिस्सा भरावा लागतो. नगरपरिषदेचा वर्ग जितका लहान, तितका हिस्सा कमी. तो कुठून भरणार हे ठरावातच लिहावं, कारण हिस्सा वेळेत न भरल्यामुळे पुढचे हप्ते अडकतात.

दुसरा तुकडा जिल्हा वार्षिक योजनेचा, म्हणजे जिल्हा नियोजन समितीमार्फत येणारा. इथे पालकमंत्र्यांचा शब्द चालतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिसरा आमदार-खासदार निधी (प्रश्न ४). चौथा कर्जाचा (प्रश्न ९).

पाचवा आपला स्वतःचा, आणि त्यातला सर्वात लोकप्रिय प्रकार म्हणजे दर्शनी बाजूला दुकानगाळे काढून त्यांच्या लिलावाची अनामत बांधकामात घालणं. वाईट कल्पना नाही, पण दोन गोष्टी सांभाळा. अनामत ही कधीतरी परत करायची रक्कम असते, उत्पन्न नव्हे. आणि गाळ्यांची रांग इमारतीला अशी गुंडाळू नका की नाटकाची बस मागच्या दाराला लागणारच नाही.

देणगी हाही मार्ग आहे. गावच्या एखाद्या उद्योजकाने आई-वडिलांच्या नावाने रक्कम दिली आणि सभागृहाला नाव दिलं, असं होतं. नावाचा ठराव पैसे जमा झाल्यावर करा. एवढंच सांगतो.

४. आमदार निधीतूनच अख्खं सभागृह होऊ शकत नाही का?

महाराष्ट्रात आमदाराला वर्षाला ५ कोटी रुपये स्थानिक विकास निधी मिळतो आणि तो अख्ख्या मतदारसंघासाठी असतो. स्मशानभूमीचं शेड, समाजमंदिर, गावागावांतले रस्ते आणि व्यायामशाळा सगळं त्यातूनच. खासदाराचेही वर्षाला ५ कोटीच, आणि मतदारसंघात साधारण सहा विधानसभा. त्यामुळे या निधीतून संरक्षक भिंत, खुर्च्या, ध्वनियंत्रणा, सौर पॅनेल अशी एखादी सुटी बाब मागा. ती मिळण्याची शक्यता जास्त आणि तिची नोंद ठेवणंही सोपं.

इमारतीचा कणा या निधीवर ठेवू नका. एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे खासदार निधीच थांबवला गेला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्या काळात अर्धवट राहिलेल्या कामांचं काय झालं, ते आपल्या तालुक्यात विचारून बघा.

५. किती आसनांचं बांधावं? आमचे अध्यक्ष म्हणतात “कमी कशाला, दीड हजारांचं करू”.

अध्यक्षांना एक साधं काम सांगा. मागच्या दोन वर्षांत गावात झालेल्या कार्यक्रमांची यादी करायची: शाळांची स्नेहसंमेलनं, व्याख्यानमाला, व्यावसायिक नाटकं, पतसंस्थांच्या वार्षिक सभा, संगीत महोत्सव, हौशी स्पर्धा. प्रत्येकापुढे अंदाजे उपस्थिती लिहायची. मंगल कार्यालयांच्या आणि शाळांच्या वह्यांतून ही माहिती एका आठवड्यात गोळा होते. मी एकदा अशी यादी केली तेव्हा ११० कार्यक्रम निघाले. सातशेच्या वर माणसं त्यांतल्या फक्त नऊ कार्यक्रमांना होती, आणि त्या नवांपैकी पाच मैदानावरच शोभणारे होते.

“मोठं संमेलन भरवायचं तर मोठं सभागृह हवं” हा युक्तिवाद हमखास येतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२२ मध्ये उदगीरला, २०२३ मध्ये वर्ध्याला आणि २०२४ मध्ये अमळनेरला झालं. तिन्ही ठिकाणी शाळा-महाविद्यालयांच्या आवारात मांडव घालून. तीन दिवसांच्या गर्दीला मांडव पुरतो. सभागृहाचं माप उरलेल्या ३६२ दिवसांवरून घ्यायचं.

आणखी एक व्यावहारिक बाब. राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६) रंगमंच आणि कायमच्या खुर्च्या असलेल्या इमारतींचे दोन वर्ग आहेत, हजारांच्या वर आणि हजारांपर्यंत. हजार ओलांडले की वरच्या वर्गात जाता आणि सुरक्षेच्या अटी त्या वर्गाप्रमाणे लागतात. तालुक्याच्या गावाला ५०० ते ७०० पुरेत, असं माझं मत. पुण्यासारख्या शहरातल्या बालगंधर्व रंगमंदिराची आसनं हजारांच्या आत आहेत, हे दीड हजारवाल्यांना आठवण करून द्यावं.

६. जागा कशी निवडायची? विकास आराखड्यात आरक्षण आहे, पण जमीन खासगी आहे.

आधी आरक्षणाचं वय बघा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची ठोस पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर अशी नोटीस पडून राहिली आणि जागा हातची गेली, असं घडतं. आवक-जावक नोंदवहीत तपासायला लावा.

रोख मोबदला परवडत नसेल तर मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा हक्क) देता येतात. समावेशक आरक्षणाचाही मार्ग आहे: मालक ठरलेल्या प्रमाणात सभागृह बांधून नगरपरिषदेला देतो आणि उरलेल्या जागेवर स्वतःचं बांधकाम करतो. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत त्याची तरतूद आहे. या मार्गाने जाताना नकाशा डोळ्यांत तेल घालून वाचा. बांधणाऱ्याला सभागृह लवकर उरकायचं असतं, त्यामुळे छताची उंची आणि रंगमंचाची खोली सगळ्यात आधी कापली जाते.

आरक्षण दुसऱ्या कामाचं असेल (बाग, शाळा, मंडई) तर त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. सभेचा ठराव, हरकती-सूचना, शासनाची मंजुरी असा तो रस्ता आहे. बागेचं आरक्षण उडवून सभागृह बांधायला माझा स्वतःचा विरोध आहे, पण तो मुद्दा वेगळा.

ठिकाण गावाबाहेर नको. नाटक रात्री साडेबाराला संपतं. बायकामुलांना तेव्हा चालत किंवा रिक्षाने घरी जाता आलं पाहिजे. एसटी स्टँडपासून दहा-पंधरा मिनिटांत पोचता येईल अशी दीड एकर जागा ही बायपासवरच्या पाच एकरांपेक्षा कितीतरी बरी.

७. अंदाजपत्रकात नेहमी काय राहून जातं?

इमारत धरलेली असते, नाट्यगृह राहून जातं. राज्य दरसूचीत काँक्रीट, विटा, गिलावा यांचे दर व्यवस्थित असतात, म्हणून ते भाग भराभर लिहिले जातात. ध्वनिशोषक आवरण, प्रकाशयोजनेचे बार आणि डिमर, पडदे, सायक्लोरामा (रंगमंचामागचा मोठा पडदा), वातानुकूलन, स्वतंत्र रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जनरेटर, अग्निशमनाची पाण्याची टाकी आणि पंप, खुर्च्या या बाबी दरसूचीबाहेरच्या किंवा किचकट. त्या “टप्पा दोन”मध्ये ढकलल्या जातात. टप्पा एकचं उद्घाटन होतं आणि टप्पा दोनसाठी पुन्हा प्रश्न २ मधल्या सगळ्या पायऱ्या चढाव्या लागतात. रंगवलेल्या, फीत कापलेल्या आणि आत खुर्ची नसलेल्या इमारती आपल्या राज्यात शोधायला फार लांब जावं लागत नाही. माझं ऐकाल तर एकच अंदाजपत्रक करा, दोन टप्प्यांचं काम घेऊच नका. पैसे कमी असतील तर आसनं कमी करा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. पहिल्या सभागृहात रंगमंचामागचं सामानाचं दार मी सात फूट उंच ठेवलं. नकाशात ते छान दिसत होतं. पहिलं व्यावसायिक नाटक आलं, बस मागे लागली आणि नेपथ्यवाल्यांनी दहा फुटी फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या चौकटी, उतरवले. पाच मिनिटं आडवे, तिरके, उभे करून पाहिले. दारातून ते आत जाईनात. शेवटी प्रेक्षागृहाच्या मुख्य दारातून, खुर्च्यांच्या रांगांवरून डोक्यावर उचलून नेले. प्रयोग पाऊण तास उशिरा सुरू झाला. त्यांच्या मॅनेजरने मला काही म्हटलं नाही, फक्त खिशातला टेप काढून दार मोजलं आणि वहीत लिहून घेतलं. पुढची दोन वर्षं त्या संस्थेने आमच्याकडची तारीख घेतली नाही. दार किमान बारा फूट उंच, दहा फूट रुंद ठेवा आणि बाहेरचा ओटा बसच्या डिकीच्या उंचीचा करा. दोन्ही बाजूंच्या विंगांना (रंगमंचाच्या कडेच्या आडोशांना) प्रत्येकी पंधरा फूट जागा सोडा. रंगपट (कलाकारांची मेकअपची खोली) रंगमंचाच्याच पातळीवर हवा आणि त्याला स्वतःचं स्वच्छतागृह हवं. नकाशा मंजुरीला पाठवण्यापूर्वी एखाद्या नेपथ्यकाराला आणि प्रकाशयोजनाकाराला तो दाखवा. चहाच्या खर्चात लाखांची दुरुस्ती वाचते.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मुळे रॅम्प आणि सुगम स्वच्छतागृह बंधनकारक आहेच, पण प्रेक्षागृहाबरोबर रंगमंचावर जाणारा रॅम्पही करा. बक्षीस घ्यायला व्हीलचेअरवरचं मूल वर येतं तेव्हा चौघांनी खुर्ची उचलणं बरं दिसत नाही.

८. बांधून झाल्यावर चालवायला पैसा कोण देतं?

कोणीच देत नाही. प्रश्न ३ मधले सगळे निधी भांडवली कामाला आहेत. वीजबिल, पगार, दुरुस्ती नगरपरिषदेच्या महसुली उत्पन्नातून. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, पहिला कागद इमारतीचा नकाशा नको, पहिला कागद वार्षिक जमाखर्चाचा करा.

उदाहरणापुरतं एक गणित मांडू. ७०० आसनांचं वातानुकूलित नाट्यगृह. वर्षाला ९० तारखा लागल्या आणि सरासरी भाडं १२,००० रुपये धरलं, तर जमा १० लाख ८० हजार. खर्चात वीज महिना ७० हजारांप्रमाणे ८ लाख ४० हजार. व्यवस्थापक, बुकिंग लिपिक, दोन तंत्रज्ञ, सफाई आणि पहारा मिळून आठ माणसं, सरासरी १८ हजारांनी १७ लाख २८ हजार. वातानुकूलन आणि जनरेटरचं देखभाल-कंत्राट ४ लाख. किरकोळ दुरुस्ती ३ लाख. एकूण ३२ लाख ६८ हजार. तूट जवळपास २२ लाख.

गावात १५ हजार मालमत्ता असतील तर दर मालमत्तेमागे वर्षाला साधारण १४६ रुपये. ही रक्कम गावाला पेलवते का, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते पुष्कळ गावांना पेलवते. बागेने नफा कमवावा असं कोणी म्हणत नाही, वाचनालयाने कमवावा असंही कोणी म्हणत नाही. पण तूट आधी माहीत असावी आणि ठरावात लिहिलेली असावी. “स्वबळावर चालेल” असं सांगून बांधलेलं सभागृह तिसऱ्या वर्षी कुलूपबंद होतं.

विजेबाबत एक बारकावा. उच्चदाब जोडणी घेतली की मागणी आकार लागतो. महिनाभर एकही कार्यक्रम झाला नाही तरी करारातल्या मागणीच्या ठराविक टक्क्यांवर बिल येतं. सल्लागार ‘सुरक्षित’ म्हणून दुप्पट भार लिहून ठेवतात. पहिल्या वर्षाची बिलं समोर ठेवून करारातली मागणी कमी करून घ्या. अर्ज एका पानाचा असतो, पण तो करायचं कोणाला सुचत नाही.

९. कर्ज काढून किंवा रोखे विकून बांधलं तर?

नगरपरिषदेला कर्ज काढायचं तर राज्य शासनाची परवानगी लागते, १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज कायद्याखाली. हुडकोसारख्या (केंद्र सरकारची गृहनिर्माण-नगरविकासाला कर्ज देणारी कंपनी) संस्था कर्ज देतात. पण प्रश्न ८ मधल्या तुटीत वर हप्ता मिळवा आणि मग बोला.

रोख्यांबद्दल, म्हणजे गुंतवणूकदारांकडून व्याजाने पैसे उभारण्याबद्दल, कोणीतरी वर्तमानपत्रात वाचलेलं असतं. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे विकले. ते पाणीपुरवठा योजनेसाठी होते आणि त्यामागे पुण्याचा मिळकतकर होता. पाणीपट्टी वसूल होते, नाटकाच्या तिकिटातून व्याज वसूल होत नाही. शिवाय सेबीच्या (भांडवल बाजाराची नियामक संस्था) २०१५ च्या नियमांप्रमाणे पतमानांकन वगैरे सोपस्कार आहेत. तालुक्याच्या गावाने या वाटेला जाऊ नये.

१०. ठेकेदाराला चालवायला दिलं तर डोक्याचा ताप जाईल ना?

तुमचा जाईल, नाट्यसंस्थांचा सुरू होईल. चालवणाऱ्याला पैसा लग्नांत आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांत मिळतो. हौशी नाट्यमंडळाला तो “तारीख शिल्लक नाही” असं सांगतो, आणि ते खोटंही नसतं.

द्यायचंच असेल तर तारखा करारातच राखून ठेवा: वर्षाला इतके शनिवार-रविवार नाटकांना, इतके दिवस शाळांना, ठरलेल्या दराने. बुकिंगची वही, किंवा ऑनलाइन कॅलेंडर, सर्वांना दिसेल असं ठेवा. दुरुस्तीची जबाबदारी बाबवार लिहा. “सर्व देखभाल ठेकेदाराची” या एका वाक्यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतो. आणि नगरपरिषदेची स्थावर मालमत्ता भाडेपट्ट्याने देण्यावर १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ९२ ची बंधनं आहेत. मुदत किती, मान्यता कोणाची, लिलाव कसा हे नियम बघूनच निविदा काढा.

११. लग्नांना द्यायचं का?

नाट्यगृह असेल तर नाही. अक्षता खुर्च्यांच्या सांध्यांत जातात, त्यामागे उंदीर येतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. हा अनुभव आहे. सपाट दालन असेल (प्रश्न १) तर जरूर द्या. त्यातूनच प्रश्न ८ मधली तूट कमी होते.

१२. भाड्यावर जीएसटी लागतो का? आणि तिकिटावर?

सभागृहाच्या भाड्यावर १८ टक्के धरून चला. दरपत्रकावर “कर वेगळा” असं स्पष्ट लिहा, नाहीतर खिडकीवर रोज भांडण. नाटकाचं तिकीट प्रत्येकी ५०० रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. म्हणून हौशी संस्थांना तिकिटावर कर भरावा लागत नाही, पण भाड्यावरचा चुकत नाही. सवलत द्यायची तर मूळ भाड्यात द्या, ठराव करून.

१३. रात्री दहानंतर पोलीस कार्यक्रम बंद करायला लावतात. मग नाटक कसं करायचं?

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. पण बंदिस्त जागेत, म्हणजे प्रेक्षागृह, परिषदगृह यांसारख्या ठिकाणी आतल्या आत वापरायला सूट आहे. त्यामुळे दारं बंद असलेल्या नाट्यगृहाला दहाची मर्यादा लागत नाही. खुल्या रंगमंचाला लागते. तिथे राज्य शासन वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकतं, तीही सण-सांस्कृतिक प्रसंगांना.

गोम अशी की वातानुकूलन बंद पडलं आणि दारं उघडली, तर तुम्ही ‘बंदिस्त’ राहत नाही. प्रश्न ८ मधलं देखभाल-कंत्राट इथेही उपयोगी पडतं.

१४. अग्निशमनाचं प्रमाणपत्र एकदा घेतलं की झालं ना?

झालं नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक यंत्रणेकडून तपासणी करून ‘नमुना ब’ (आगीविरुद्धची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) सादर करावा लागतो. वर्षातून दोनदा, दरवर्षी. नगरपरिषद स्वतःच मालक असते म्हणून स्वतःला नोटीस कोण देणार, असा गोड गैरसमज असतो.

कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ पासूनचं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी, ज्यांचं नाव त्याला आहे त्या गायक-नट केशवरावांची जयंती होती. हे वाचून तरी आपल्या नाट्यगृहातली पंपाची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. एका गावात ती शिपायाच्या घरी होती आणि शिपाई रजेवर होता.

१५. जुनं नाट्यगृह आहे. दुरुस्त करावं की पाडून नवीन बांधावं?

संरचनात्मक तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत मत बनवू नका. गळकं छप्पर आणि घाण स्वच्छतागृहं ही पाडायची कारणं नाहीत, ती देखभाल न केल्याची कारणं आहेत. नवीन बांधलं तरी देखभाल करणारे तेच राहतात.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या पुनर्विकासावर वर्षानुवर्षं वाद चाललाय, आणि रंगकर्मींची पहिली भीती अशी की मधल्या काळात प्रयोग कुठे करायचे. ती रास्त आहे. मधली सोय ठरावात लिहिल्याशिवाय कुलूप लावू देऊ नका. दुरुस्तीही धोक्याविना होते असं नाही. पणजीची कला अकादमी, चार्ल्स कोरियांनी रचलेली, २०२१ मध्ये नूतनीकरणासाठी बंद केली आणि जुलै २०२३ मध्ये काम चालू असतानाच तिथल्या खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. जुन्या इमारतीत हात घालणारा ठेकेदार रस्ते बांधणारा नसावा. निविदेच्या पात्रतेतच तशा कामाचा अनुभव मागा.

१६. एकूण किती वर्षं धरायची?

बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला ८ ऑक्टोबर १९६२ रोजी खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते बसली. उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झालं, त्यांच्या जयंतीला. ते १९६७ मध्येच गेले होते. पुण्याच्या महापालिकेला पावणेसहा वर्षं लागली. तुम्ही जमीन ताब्यात असेल तर पाच धरा, नसेल तर मोजू नका.

१७. निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आला तर आधीचे ठराव टिकतात का?

टिकतात. प्रशासकाला सर्वसाधारण सभेचे अधिकार असतात. तो नवा ठरावही करू शकतो आणि जुना बदलूही शकतो. २०२१-२२ नंतर राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा आणि महापालिका प्रशासकांच्या हाती होत्या, निवडणुका २०२५ च्या डिसेंबरपासून झाल्या. त्या काळात कितीतरी सभागृहांच्या जागा आणि नकाशे बदलले. तुमच्याकडे नवे नगरसेवक निवडून आले असतील, तर पहिल्या बैठकीत मागच्या काळातल्या ठरावांची यादी वाचून घ्या. आचारसंहितेच्या काळात नवा कार्यादेश देता येत नाही. आधी सुरू झालेलं काम चालू राहतं.

१८. मी साधा नागरिक आहे. मला नक्की कोणते कागद मागता येतील?

माहितीच्या अधिकारात १० रुपये भरून अर्ज द्या. उत्तराची मुदत ३० दिवस. “सर्व माहिती द्यावी” असं लिहू नका, तसं लिहिलं की “माहिती विस्तृत स्वरूपाची आहे” असं उत्तर येतं. नेमकं मागा: प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय, तांत्रिक मान्यतेची प्रत, निधी जमा झाल्याच्या तारखा आणि रकमा, कार्यादेश, मुदतवाढीचे आदेश आणि प्रत्येकाचं कारण, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती, दोषदायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख.

शेवटची तारीख सर्वात महत्त्वाची. त्या कालावधीत छत गळलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचं असतं. पहिला पावसाळा लागला की आत जा, छताखाली उभे राहा, ओल दिसली तर फोटो काढा आणि तारखेसह लेखी अर्ज आवक विभागात देऊन पोच घ्या. कालावधी संपल्यावर तीच ओल नगरपरिषदेच्या खर्चात येते.